जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा जाम झालेला इग्निशन स्विच कसा काढायचा

२०१९ च्या पुरानंतर सांगलीतल्या जुन्या गाड्यांचे मालक इंजिनाच्या मागे लागले, आणि ते बरोबरच होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक या भागांत तळमजल्याला उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. मग इंजिन खोललं, तेल बदललं, सीटा उन्हात टाकल्या. इग्निशन स्विचकडे मात्र फार कुणी बघितलं नाही. चावी फिरत होती, तेवढं पुरेसं वाटलं. आत शिरलेला गाळ तसाच राहिला आणि आता चावी अडकणं, सेल्फ न लागणं, चालत्या गाडीत करंट जाणं असे प्रकार सुरू झालेत.

साताऱ्याकडचं दुखणं वेगळं आहे. महाबळेश्वर-पाचगणीला पावसाळाभर बंद शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत गाळ नसतो, ओल असते. स्विचची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. ओलीनं तिच्यावर पांढरी भुकटी चढते आणि स्विचला डॅशवर पुढून आवळून धरणाऱ्या रिंगचे आटे एकमेकांना चिकटून बसतात.

घरच्या अ‍ॅम्बेसेडरचा स्विच काढताना आणि नंतर ओळखीच्यांच्या गाड्यांवर हात चालवताना जे कळलं ते इथे क्रमानं देतो. डॅशबोर्डवर स्विच असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांना, म्हणजे पद्मिनीलाही, हीच रीत थोड्या फरकानं लागू पडते. स्टेअरिंग कॉलमवर लॉक असेल तर काम वेगळं. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. स्विच धरून ठेवणाऱ्या जागा तीनच आहेत: पुढची रिंग, मागच्या वायरी, आणि लॉक-बॅरल (ज्यात चावी घालतो तो आतला फिरणारा भाग) धरणारी आतली स्प्रिंगची बारीक पिन. यातली कुठली अडलीय हे कळेपर्यंत जोर लावायचा नाही. अ‍ॅम्बेसेडर २०१४ साली बंद झाली. स्विच आजही कुठला ना कुठला मिळेल, पण चांगल्या अवस्थेतला डॅशबोर्ड आणि न जळलेलं मूळ वायरिंग पुन्हा मिळणार नाही. म्हणून या कामात वाचवायचं ते डॅश आणि वायरिंग. स्विच गेला तर जाऊ दे.

काय काय जवळ हवं

- बॅटरीच्या टर्मिनलचा पाना, लहान-मोठे स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर
- सर्कलिप प्लायर (रिंगच्या खाचांत बसेल असा)
- टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टिमीटर
- दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची ताठ तार. सायकलचा स्पोक कानशीनं घासून बारीक केला की झालं
- डब्ल्यूडी-४० किंवा तसला कुठलाही गंज सोडवणारा स्प्रे, आणि कॉन्टॅक्ट क्लीनर
- मास्किंग टेप, पेन्सिल, मोबाईल
- डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात
- बारीक कानस आणि हॅक्सॉचं पातं
- घरचा हेअर ड्रायर

चावी हरवली असेल किंवा चावीवाल्याला बोलवायचं असेल तर गाडीचं आरसी बुक आणि स्वतःचं ओळखपत्र काढून ठेवा. चांगला चावीवाला ते बघितल्याशिवाय इग्निशनच्या लॉकला हात लावत नाही, आणि लावूही नये. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर त्यांना सोबत घ्या, नाहीतर कागदपत्रांचा घोळ तिथेच सुरू होतो.

१. काय अडलंय ते ओळखा

चावी आत जाते पण फिरत नाही: बॅरलच्या आतल्या पत्त्या (चावीच्या दातांनी सरकणाऱ्या बारीक पट्ट्या) गाळानं किंवा वाळलेल्या ग्रीसनं जाम आहेत, नाहीतर चावी झिजलीय.

चावी फिरते, पण गाडीला करंट येत नाही: बॅरल ठीक आहे, मागचे कॉन्टॅक्ट गेलेत.

चावीबरोबर अख्खा स्विचच डॅशमध्ये फिरतो: रिंग सैल आहे. हे सगळ्यात धोक्याचं लक्षण. अशा स्विचच्या मागे वायरी पिळल्या जातात आणि टर्मिनल डॅशच्या पत्र्याला टेकू शकतात. गाडी चालवणं थांबवा आणि आजच बॅटरी काढा.

चावी आत तुटलीय: तुटताना चावी कुठल्या जागी होती ते आठवा. ऑफवर तुटली असेल तर तुकडा बाहेर येईल. ऑनवर असेल तर आधी बारीक स्क्रू ड्रायव्हरनं बॅरल ऑफवर परत आणावं लागतं, कारण ऑफशिवाय पत्त्या चावीला सोडत नाहीत. तुकडा काढायला हॅक्सॉचं पातं घासून पातळ करा, चावीच्या दातांच्या बाजूनं सरकवा आणि दातात अडकवून ओढा. तुकडा आत ढकलला जाईल असं काही करू नका. फेव्हीक्विक लावून तुकडा चिकटवायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका, पूर्ण बॅरल कायमचं बसतं.

२. बॅटरी सोडायच्या आधी एकच तपासणी

चावी ऑफवर ठेवा. टेस्ट लॅम्पची क्लिप डॅशखालच्या उघड्या पत्र्याला लावा आणि टोक स्विचच्या एकेका टर्मिनलला टेकवा. ऑफवर असतानाही जिथे लॅम्प लागतो ती बॅटरीकडून येणारी वायर. तिच्यावर टेप लावून ‘बॅटरी’ लिहा. बाकीचं सगळं नंतर.

या वायरीला एवढं महत्त्व का, तर या जुन्या वायरिंगमध्ये ती फ्यूजमधून येत नाही. ती पत्र्याला टेकली तर बॅटरीचा पूर्ण करंट त्या एका वायरीतून जातो आणि काही सेकंदांत आवरण वितळून शेजारच्या वायरी पेट घेतात. फ्यूज उडून काम थांबेल ही अपेक्षा इथे धरायची नाही.

३. बॅटरी सोडा

ज्या टर्मिनलची केबल गाडीच्या बॉडीला जाते, ती आधी काढा. पाना हातातून सुटून पत्र्याला लागला तरी स्पार्क होत नाही, एवढ्यासाठी हा क्रम. केबल बाजूला बांधून ठेवा, नुसती वर ठेवू नका. ती स्वतःच्या ताणानं परत टर्मिनलवर येऊन बसते.

चावी ऑनवर ठेवून बॅटरी जोडलेली राहू देणं हीसुद्धा वाईट सवय आहे. इंजिन बंद आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जुळलेले असतील तर इग्निशन कॉइलमधून (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) सतत करंट जातो. कॉइल तापते, पॉइंट जळतात.

४. जागा करा, फोटो काढा, खुणा करा

अ‍ॅम्बेसेडरची पुढची सीट लांबलचक, पण डॅशखाली डोकं घालायला ती आड येतेच. सीट शक्य तितकी मागे सरकवा किंवा काढून ठेवा, जमिनीवर उशी घ्या. हात पुरत नसेल तर मीटरचं युनिट सोडवून पुढे घ्या. त्यासाठी स्पीडोमीटरची केबल मागून मोकळी करावी लागते. ती ओढू नका, हातानं नट फिरवा.

आता वायरींचे फोटो: डावीकडून, उजवीकडून आणि खालून. मग प्रत्येक वायरीला टेपची पट्टी आणि त्यावर स्विचच्या टर्मिनलचा नंबर किंवा अक्षर.

मूळ वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं असेल तर तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी इग्निशन कॉइलची आणि पांढऱ्यावर लाल रेघ असलेली सेल्फच्या सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) असते. हे माहीत असू द्या, पण त्यावर विसंबू नका. चाळीस-पन्नास वर्षांत गाडीनं कितीतरी वायरिंगवाले बघितलेले असतात आणि दुकानात जो रंग मिळाला तो लावून कितीतरी जणांनी काम भागवलेलं असतं. लाल वायर कॉइलला आणि काळी वायर बॅटरीला, असंही दिसतं. म्हणून मल्टिमीटरनं खात्री करा: एक टोक कॉइलच्या इग्निशनकडच्या टर्मिनलला, दुसरं स्विचकडच्या वायरीला. मीटरनं सरळ शून्याच्या जवळ दाखवलं की तीच. सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवरून सेल्फची वायर अशीच शोधा. ज्या जुन्या गाड्यांत सेल्फचं बटण किंवा नॉब वेगळा आहे, त्यांत ही वायर स्विचवर नसेल.

मगच वायरी सोडा. थिंबल (वायरीच्या टोकाला लावलेला धातूचा तुकडा) गंजून टर्मिनलला चिकटली असेल तर वायरीला धरून ओढू नका, नोज प्लायरनं थिंबलच धरा. मागचा भाग बॅकेलाइटचा (जुन्या प्रकारचं कडक प्लास्टिक) असतो आणि जुनं बॅकेलाइट बिस्किटासारखं तुटतं. स्क्रू घट्ट असेल तर स्विचची बॉडी दुसऱ्या हातात घट्ट धरून मगच फिरवा.

५. पुढची रिंग सोडवा

बहुतेक वेळ इथेच जातो आणि बहुतेक डॅश इथेच खराब होतात.

रिंगवर टॉर्च मारून नीट बघा. काहींना समोरासमोर दोन खाचा असतात, काहींना कडेला बारीक खोबणी, काहींना षटकोनी कड. रिंगच्या भोवती डॅशवर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या. हे दोन मिनिटांचं काम पेंट आणि क्रोम दोन्ही वाचवतं.

आता स्प्रे. पुढून मारलेला स्प्रे बहुधा वाया जातो. आटे मागे असतात. म्हणून डॅशखालून, बॉडी आणि डॅशचा पत्रा जिथे भेटतात तिथे मारा. संध्याकाळी मारून रात्रभर राहू द्या आणि सकाळी परत मारा. पांढरी भुकटी चढलेली असेल तर आधी जुन्या टूथब्रशनं ती झाडून काढा, नाहीतर स्प्रे भुकटीतच मुरतो, आट्यांपर्यंत पोचत नाही.

मग एका हातानं मागून स्विचची बॉडी धरा. दुसऱ्या हातानं सर्कलिप प्लायरची टोकं खाचांत बसवून रिंग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं दाबा, मग उलट्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्याविरुद्ध सोडवा. घट्ट-सैल, घट्ट-सैल असं करत आटे मोकळे होतात. मागून धरायला कुणी सोबत असेल तर फार बरं. बॉडी मोकळी सोडून नुसती पुढून रिंग फिरवली तर सगळा स्विच फिरतो आणि आपल्याला वाटतं रिंग सुटतेय.

स्क्रू ड्रायव्हर खाचेत लावून हातोडी मारणं ही गॅरेजची नेहमीची पद्धत. एका बाजूनं मार बसतो, खाच तुटते, स्क्रू ड्रायव्हर घसरतो आणि डॅशवर कायमचा ओरखडा येतो. त्यापेक्षा रिंगच्या मापाच्या लोखंडी पाइपच्या तुकड्याला दोन दात कोरून घ्या. कुपवाड एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला रिंगचं माप दिलं तर तो करून देईल. दोन्ही खाचांवर सारखा जोर येतो आणि रिंग सरळ सुटते.

तरीही हलत नसेल तर हेअर ड्रायरनं रिंग तापवा आणि गरम असतानाच प्रयत्न करा. गॅसची बत्ती अजिबात नको. मागे पन्नास वर्षं जुन्या वायरी आहेत आणि तुम्ही नुकताच पेटणारा स्प्रे मारलाय. ड्रायर लावायच्या आधीही स्प्रे पूर्ण उडून जाऊ द्या, दारं उघडी ठेवा.

शेवटचा उपाय: रिंग कापा. बारीक कानशीनं किंवा हॅक्सॉच्या नुसत्या पात्यानं रिंगवर एक आडवी खाच पाडत जा. रिंगची जाडी संपत आली की खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून पिळा, रिंग फाटते. बॉडीचे आटे थोडे खराब होतील, पण डॅश शाबूत राहील.

रिंग निघाली की स्विच मागून खाली येतो. काही स्विचमध्ये मात्र रिंग बॅरलच्या तोंडाखाली दबलेली असते. तिथे आधी बॅरल काढावं लागतं, म्हणजे पुढची पायरी गाडीतच करायची.

६. लॉक-बॅरल बाहेर काढा

चावी फिरत नाही म्हणून लोक गाडीत बसून तासन् तास बॅरलशी झटत बसतात. त्याची गरज नाही. रिंग सुटली की जाम बॅरलसकट अख्खा स्विच हातात येतो, आणि टेबलावर उजेडात बसून काम करणं कितीतरी सोपं असतं.

बॉडीच्या कडेला एक बारीक भोक दिसेल. त्यात स्प्रिंगवर बसलेली पिन असते आणि तीच बॅरल धरून ठेवते. भोक दिसत नसेल तर ते गाळानं किंवा रंगानं बुजलेलं असतं. बोटानं चाचपून बघा, किंचित खळगा लागतो. पुरातल्या स्विचमध्ये हे भोक नेहमीच भरलेलं असतं. कृष्णेचा हा गाळ फार बारीक. वाळला की जाड तारेनं ढकलल्यावर आणखी घट्ट बसतो. मिरजेत सतार-तंबोऱ्याला लागणारी पोलादी तार सहज मिळते. ती बारीक आणि ताठ असल्यामुळे गाळ खरवडून बाहेर काढता येतो. मग कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा. बाहेर येणारं पाणी मातकट राहतंय तोवर धूत राहा.

आता चावी घाला आणि ऑफवरून पहिल्या जागी फिरवा. बॅरल फिरल्यावर पिन भोकाच्या समोर येते. घासलेला स्पोक भोकात घालून सरळ दाबा, दाबलेलाच ठेवा आणि चावीला धरून बॅरल पुढे ओढा. पिन दबली की बोटाला हलकीशी ‘टिक’ जाणवते. ती जाणवली नाही तर चावी एक-दोन अंश मागेपुढे करत दाबत राहा. सगळी मेख या अंशांत आहे. पिन बरोबर समोर आली की बॅरल फारसा जोर न लावता सरकतं.

चावी फिरतच नसेल तर चावीच्या तोंडातून भरपूर क्लीनर, मग स्प्रे. चावी पंचवीस-तीस वेळा आत-बाहेर करा, दर वेळी पुसा. चावीवर हलका पीळ ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं बॅरलवर टकटक करा. जाम पत्त्या अशा हादऱ्यानं मोकळ्या होऊन जागेवर येतात. पक्कडीनं चावी पिळायची नाही. चावी पितळेची असते, दातांच्या मुळाशी तुटते. मूळ चावी किंवा कमी वापरलेली दुसरी चावी घरात असेल तर ती शोधा. झिजलेल्या चावीवरून केलेली डुप्लिकेट झिजलेलीच असते. कितीतरी लॉक निव्वळ त्यामुळे अडतात.

काहीच जमलं नाही तर ड्रिल. आधी ३ मिलिमीटर, मग ६ मिलिमीटरचं बिट चावीच्या भोकाच्या मधोमध, सावकाश. हे फक्त स्विच टाकायचाच ठरला असेल तर, आणि फक्त टेबलावर. डॅशमध्ये असताना ड्रिल केलं तर धातूचा चुरा वायरिंगमध्ये पडतो आणि सहा महिन्यांनी भलतीकडेच शॉर्ट होतो.

७. जुना वापरायचा की नवा घ्यायचा

मागचे कॉन्टॅक्ट मल्टिमीटरनं बघा. ऑफवर सगळे वेगळे, ऑनवर बॅटरी आणि इग्निशन जोडलेले, स्टार्टवर बॅटरी आणि सेल्फ जोडलेले, आणि हात सोडल्यावर चावी स्वतःहून ऑनला परत. चावी स्टार्टवरून परत येत नसेल तर तो स्विच बदलाच. सेल्फ लागलेलाच राहिला तर स्टार्टर मोटर जळते.

नवा घ्यायला जाताना जुना स्विच खिशात न्या. डॅशच्या भोकाचं माप व्हर्नियरनं घ्या आणि आट्यांची लांबीसुद्धा बघा. आखूड असेल तर रिंग बसतच नाही. पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांच्या पार्टची चौकशी करता येते. टर्मिनलवरच्या खुणांनी नवखा माणूस गोंधळतो. काही स्विचवर बीएटी (बॅटरी), आयजीएन (इग्निशन), एसटी (स्टार्ट), एसीसी (रेडिओसारखी जोड उपकरणं) अशी अक्षरं असतात. काहींवर जर्मन पद्धतीचे आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ५० म्हणजे सेल्फ. लुकास पद्धतीच्या जुन्या स्विचवर १, २, ३ असे आकडे दिसतात. तुमच्या टेपवर जुना नंबर आणि वायरीचं काम, दोन्ही लिहिलेलं असेल तर कुठलाही स्विच आणला तरी अडत नाही.

ट्रॅक्टरचा स्वस्त स्विच बसवून द्यायला बरेच जण तयार असतात. चालतो तो, पण त्याची चावी दुसऱ्या कितीतरी ट्रॅक्टरना लागते. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर घेऊ नका.

८. परत बसवताना

थिंबल पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, सैल असतील तर नव्या लावा. बॅरलमध्ये तेल-ग्रीस भरू नका, धूळ धरतं. शिसपेन्सिलचं शिसं घासून पडलेली पूड चावीला लावून चार वेळा फिरवा, तेवढं पुरतं. डॅशच्या भोकाची कड धारदार असेल तर कानस मारा आणि वायरी तिला घासणार नाहीत अशा बांधा.

सगळं बसल्यावर बॉडीची केबल शेवटी जोडा. जोडताना मोठा स्पार्क दिसला तर लगेच काढा, काहीतरी टेकलंय. ठीक असेल तर गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि डॅशखाली हात घालून टर्मिनल चाचपा. कोमट चालतील, चटका बसायला नको. ऑनवर स्विचच्या आत येणारा आणि बाहेर जाणारा व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक असेल तर कॉन्टॅक्ट किंवा थिंबल खराब आहे. त्याच वेळी बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवून घ्या. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर हा खर्च कराच.

स्टेअरिंग कॉलमवर लॉक असेल तर

मारुती ८०० सारख्या गाड्यांत लॉक कॉलमला अशा बोल्टनी धरलेलं असतं की बसवताना त्यांची डोकी मुद्दाम तोडलेली असतात. पाना लागायला जागाच नसते. बोल्टच्या उरलेल्या तोंडावर सेंटर पंचनं कडेला खूण करून घड्याळाच्या काट्याविरुद्ध हलके ठोके देत फिरवावं लागतं. ते जमलं नाही तर भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लावायचा. अर्धवट सुटलेलं लॉक ठेवून गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका, वळणावर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. हे काम गॅरेजवाल्याला घरी बोलावूनच करून घ्या, आणि तो आला की आरसी बुक आधी दाखवा.